अठरा देणारी गाडी

पोळ्याच्या आसपास माझी गाडी एकाएकी जास्त पेट्रोल प्यायला लागली. घोट रस्त्यावरच्या शाळेत जाणं-येणं, चामोर्शीतला बाजारहाट आणि रविवारी हरणघाटचा पूल ओलांडून मूलला आईकडे, एवढं सगळं शनिवारी टाकलेल्या दोन हजारांच्या पेट्रोलमध्ये आठवडाभर भागायचं. आता गुरुवारीच काटा तळाला टेकायचा आणि पंपाचं ते पिवळं चित्र पेटायचं. गाडी शिकून मला फार काळ झालेला नव्हता. बॉनेट कुठून उघडतं आणि वायपरचं पाणी कुठं ओततात, इथं माझं ज्ञान संपत होतं.

गाडी सेकंडहँड, 2014 ची पेट्रोल, एमएच 34, म्हणजे चंद्रपूरची. विकणाऱ्याने चावी देताना सांगितलं होतं, “अठरा देते, मॅडम.” मी तो आकडा देवाच्या प्रसादासारखा घेतला होता. कशावर अठरा, कोणत्या रस्त्यावर, कुणी मोजले, असलं काही तेव्हा सुचलं नाही.

स्टाफरूममध्ये विषय काढला आणि मधली सुट्टी त्यातच गेली. गणिताचे सर म्हणाले, इथेनॉल. मुख्याध्यापक म्हणाले, एअर फिल्टर चोंदला असणार, आमच्या जीपचं असंच झालं होतं. शिपायाच्या मते पंपावर माप मारतात. नागपूरहून भावाने फोनवर निदान केलं, “ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून टाक.” आईने विचारलं, कुणी रात्री पेट्रोल काढून तर नेत नाही ना? माझी पंचाईत अशी की यातलं प्रत्येक कारण खरं असू शकत होतं. या सगळ्यांनी गाडीचं पेट्रोल वाढतं. मग मी करायचं काय? सगळंच बदलायचं?

त्या दिवसांत इथेनॉलवाल्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. 2025 चा ऑगस्ट म्हणजे ज्याच्या त्याच्या मोबाईलवर तोच विषय. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य आधी 2030 चं होतं, ते पाच वर्षं आधीच गाठलं गेलं. पंपावर गेलं की तेच पेट्रोल, दुसरं मागायची सोय नाही. जुन्या गाड्यांची तक्रार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि 1 सप्टेंबरला कोर्टाने ती याचिका फेटाळली. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र तो खटला पुढे चालूच राहिला.

आमच्या शेजारी एक काकाजी राहतात. उभी हयात एसटी चालवली, आता निवृत्त. सगळ्यांची निदानं त्यांच्यासमोर मांडली. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. सगळं ऐकलं आणि म्हणाले, “किती देते आता?”

मी म्हटलं, कमी देते.

“कमी म्हणजे किती? मोजलं का? नाही ना? मंग मोजल्याबिगर कायची बोंब मारून राहिली बेटा? आधी मोजून पाय.”

डॅशबोर्डवर आकडा येतो की, मी म्हटलं. पडद्यावर 15.8 दिसत होतं. काकाजींनी त्या आकड्याला हात झटकला. पुढे समजलं की त्यांचं झटकणं बरोबर होतं. तो आकडा टाकीतलं पेट्रोल मोजून येत नाही. इंजिनात पेट्रोल फवारणारं इंजेक्टर किती वेळ उघडं राहिलं, त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर अंदाज बांधतो, आणि हा अंदाज बहुतेक वेळा गाडीच्या बाजूने झुकलेला असतो.

मग त्यांनी मला टाकी ते टाकी मोजायला शिकवलं. एकाच पंपावर, त्याच मशीनवर, गाडी सपाट जागी उभी करून भरायचं. नोझल पहिल्यांदा कट होईल तिथं थांबायचं. पंपावरचा पोरगा पाचशेचा आकडा गोल करायला आणखी दाबायला लागला तर त्याला थांबवायचं, कारण एक तर मोजणी बिघडते आणि दुसरं, टाकीची वाफ शोषणाऱ्या डब्यात पेट्रोल जाऊन तो खराब होतो. ट्रिप मीटर शून्य. टाकी निम्म्याखाली येईपर्यंत चालवायची. पुन्हा तिथंच, पहिल्या कटपर्यंत. किलोमीटर भागिले लिटर. दहाच लिटर भरले आणि कट अर्धा लिटर मागेपुढे झाला तर पाच टक्क्यांची चूक. वीस-पंचवीस लिटर भरले तर तीच चूक दोन-अडीच टक्क्यांवर येते. हे चौथीच्या पोरांना मी शिकवते ते गणित. माझ्याच टाकीला ते लावायचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

निघालं ते असं: 331 किलोमीटर, 23.5 लिटर. म्हणजे 14.1.

अठरातून चौदा गेले, उरले जवळजवळ चार. साधारण पाचातला एक हिस्सा पेट्रोल कुठेतरी जात होतं. त्या रात्री वहीत एक पान काढलं आणि सगळ्यांची कारणं एकाखाली एक लिहिली. समोर एकच रकाना: हे कारण जास्तीत जास्त किती खाऊ शकतं?

इथेनॉलपासून सुरुवात केली. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने साधारण दोन तृतीयांश उष्णता असते. पाचव्या भागाला एक तृतीयांश तूट म्हणजे एकूण साडेसहा-सात टक्के. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही जुन्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्क्यांचीच घट धरली आहे. नव्या, त्यासाठीच बनवलेल्या गाड्यांना एक-दोन टक्के. म्हणजे माझ्या अठरातून इथेनॉल फार तर सव्वा किलोमीटर नेणार. शिवाय ते एका आठवड्यात आलेलं नाही. दहा टक्क्यांची मिसळ 2022 मध्येच झाली होती, पुढे ती वाढत वाढत वीसवर आली. माझ्या गाडीचं दुखणं तर पोळ्याच्या सुमाराला एकदम उद्भवलेलं. गणिताच्या सरांना हे दाखवलं. त्यांना ते आवडलं नाही, पण आकडे खोडता आले नाहीत.

पंपाचं माप. मला ठाऊकच नव्हतं की प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाईक ते मागू शकतं. मागताना जीभ अडखळली, जणू मीच चोरी करायला आले होते. पोराने आतून ते पितळी तोंडाचं भांडं आणलं, भरलं, आणि पेट्रोल रेघेवर येऊन थांबलं. पाच लिटरमागे 25 मिलिलिटर इकडेतिकडे चालतं. सगळं चुकीच्या बाजूने गेलं असतं तरी अर्धा टक्का. शिपायाचा संशय असा एका भांड्यात मिटला. तो मिटला हे त्याने मानलं नाही, ते वेगळं.

एअर फिल्टरचं मला खरोखर आश्चर्य वाटलं, कारण ही गोष्ट सगळीकडे शास्त्र म्हणून सांगतात. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना ती लागू होती. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली तर कॉम्प्युटर पेट्रोलही तेवढंच कमी सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये हे मुद्दाम फिल्टर चोंदवून तपासलं. गाडीचा उठाव मंदावला, पेट्रोल जवळपास तेवढंच लागलं. तरी मी फिल्टर काढून झटकला. त्यातून धानाचा भुसा आणि एक वाळका पतंग निघाला.

टायरमधली हवा सकाळी, चाकं गार असताना बघितली. किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. माझ्या गाडीला 33 हवी होती, चारही चाकांत 26-27 निघाली. इथे सापडलं म्हणून मी हुरळले. पण हिशोब सांगत होता की एक पौंड हवा कमी असली तर साधारण 0.2 टक्के पेट्रोल वाढतं. सात पौंडांचा दीड टक्का सुद्धा होत नाही. हवा भरली. टायर वाचले असतील. पेट्रोल मात्र जात राहिलं.

एसीचं ओझं उन्हाळ्यात फार मोठं असतं, आणि आमच्याकडचा मे महिना ज्याने काढला त्याला हे सांगायला नको. पण पावसात मी एसी काचेवरची वाफ घालवण्यापुरता लावत होते. एआरएआयचा, म्हणजे पुण्याच्या वाहन संशोधन संस्थेचा, जाहिरातीतला आकडाही एकाने पुढे केला. तो आकडा गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या मिनिटांत काढलेला असतो. त्या रोलरवर घोटच्या रस्त्यावरचे खड्डे नसतात. दोन गाड्यांची तुलना करायला तो चांगला, माझ्या दुखण्याला निरुपयोगी.

पान भरलं. इथपर्यंतची सगळी कारणं आपापल्या सर्वांत मोठ्या आकाराने धरून बेरीज केली तरी जेमतेम निम्मी तूट भरून निघत होती. उरलेल्या जवळजवळ दोन किलोमीटरना कुणी वालीच नव्हता.

भावाचा सेन्सर तेवढा राहिला होता. सेन्सर बदलायला सांगणाऱ्यांना एक सोपी गोष्ट विचारावी: स्कॅनर लावला का? स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ एक सॉकेट असतं. भाच्याने त्यात काडेपेटीएवढा एक स्कॅनर खोचला आणि मोबाईलवर गाडीची नाडी दिसायला लागली. इंजिनाच्या पाण्याचं तापमान 88. हे महत्त्वाचं, कारण थर्मोस्टॅट उघडा अडकला असता तर पाणी गारच राहिलं असतं, आणि गार इंजिनाला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल पाजत राहतो. दुसरा आकडा फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ठरल्यापेक्षा किती जास्त किंवा कमी पेट्रोल सोडावं लागतंय त्याचा. तो अधिक दोन. पाच-सातपर्यंत कुणी डोळा वर करत नाही. ऑक्सिजन सेन्सर ठणठणीत.

आता मी खरीच गोंधळले. इंजिन निरोगी, पेट्रोल शुद्ध, माप चोख, गळती नाही, आणि तरी चौदा. ते आकडे घेऊन काकाजींकडे गेले. त्यांनी मोबाईल लांब धरून बघितला आणि म्हणाले, “मशीन बराबर हाय. मशीन जेवढं लागते तेवढंच खाऊन राहिली. तिले ओढाले जास्त लागते. पायजो, गाडीले काई तरी धरून राह्यलं.”

हे एक वाक्य मी कितीतरी वेळ डोक्यात फिरवत राहिले. मी सगळा वेळ पेट्रोल जाळणाऱ्या बाजूला शोधत होते. जळतं ते नीटच जळत होतं. ओढायचं वजन वाढलं होतं. आणि मग एक गोष्ट आठवली. आमच्या अंगणातून रस्त्याकडे थोडा उतार आहे. पूर्वी न्यूट्रलमध्ये ब्रेक सोडला की गाडी आपली आपण सरकायची, मला घाई करून पाय ठेवावा लागायचा. हल्ली ती जागची हलत नव्हती. मी समजत होते, चिखल आहे.

पुढचं श्रेय माझं नाही, ना काकाजींचं. एका संध्याकाळी शाळेतून येताना रिमझिम चालू होती. चहाच्या टपरीवर थांबले. शेजारी पंक्चरवाला बसला होता, हातात काम नव्हतं, येणाऱ्याजाणाऱ्या चाकांकडे बघत होता. त्याच्या धंद्यात तो बघणारच. म्हणाला, “मॅडम, तुमचं मांगचं डावं चाक सुकं कसं जी?”

मी खाली वाकले. तीन चाकांवर ओला, निथळता चिखल. मागच्या डाव्या चाकाच्या मधोमध तोच चिखल वाळून पांढुरका पडला होता आणि त्याचे पापुद्रे सुटत होते. त्याने हात रिमजवळ नेला, लावला नाही, मागे घेतला. मीही नेला. चुलीसमोर बसल्यासारखी झळ येत होती. नाक जवळ गेलं तेव्हा जळका वासही आला. हा वास मी कितीतरी दिवस गाडीत घेत होते आणि रस्त्याकडेला कुणीतरी कचरा जाळतंय असं समजत होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे. त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांना दगड लावले, हँडब्रेक खाली केला, मागचं डावं चाक जॅकवर उचललं आणि मला म्हणाले, “फिरवा.” मी दोन्ही हातांनी जोर लावला. चाक पाव फेरी फिरलं आणि खर्र करून थांबलं. उजवं त्यामानाने बरं होतं, पण तेही मोकळं म्हणावं असं नाही. पुढची दोन्ही एका ढकलीत गरगरली.

“ब्रेक चिकटून राह्यला,” ते म्हणाले. मी म्हटलं, हँडब्रेक तर खाली आहे, दिवाही विझलेला आहे. ते हसले. तो दिवा दांडीवरच्या एका बटणावर चालतो. दांडी खाली आली की दिवा विझतो. चाकाच्या आत काय झालंय हे त्याला कळायची सोयच नाही.

ड्रम उतरवायलाच बराच वेळ गेला, हातोडीने चारी बाजूंनी ठोकावा लागला. आतून काळी भुकटी पडली. ड्रमचा आतला भाग उष्णतेने निळसर झाला होता आणि लायनर काचेसारखे चकचकीत. मग त्यांनी हँडब्रेकची केबल दाखवली. सायकलच्या ब्रेकची वायर असते तशीच, रबराच्या नळीतून मागे जाणारी. नळीला एका ठिकाणी चीर होती. तिथून पाणी आत गेलं, तार गंजली. दांडी ओढली की तार ताणली जायची, सोडली की पूर्ण परत यायची नाही, आणि लायनर ड्रमला घासत राहायचे.

आणि पोळाच का? पोळ्याच्या आधी आमच्याकडे पाऊस असा लागला होता की नाल्यांवरून पाणी वाहत होतं, रस्ते बंद होते आणि गाडी अंगणात उभी होती, हँडब्रेक पूर्ण ओढून. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतातच तसं. ओढलेल्या अवस्थेत भिजत राहिलेली तार तिथेच गंजून धरली. मिस्त्रींच्या म्हणण्याने पावसाळा उतरला की अशा गाड्या येतच राहतात, आणि आष्टी-आलापल्ली रस्त्यावर चालणाऱ्या तर सर्वांत जास्त, कारण खनिजाच्या ट्रकांनी उडवलेला तो तांबडा चिखल ड्रमच्या आतपर्यंत जातो. पावसाळ्यात सपाट जागी गाडी काही दिवस उभी ठेवायची असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक ओढू नका, असं त्यांनी सांगितलं. उतारावर मात्र ओढायचाच.

चामोर्शीत केबल मिळाली नाही. ती चंद्रपूरहून बसने मागवावी लागली, आणि ती येईपर्यंत त्यांनी जुनी सैल करून ठेवली आणि हँडब्रेक नाही असं समजून चालवायला सांगितलं. लायनर नवे घातले. ड्रम खराद्याकडून साफ करून आणला. सगळं मिळून जो खर्च आला तो एका ऑक्सिजन सेन्सरपेक्षा कमी होता, हे भावाला मुद्दाम कळवलं.

पुन्हा टाकी ते टाकी. 16.5. दुसऱ्यांदा भरलं तेव्हाही तिथेच, थोडं इकडेतिकडे. शंभर किलोमीटरला आधी सात लिटरच्या वर लागत होतं, आता सहाच्या आसपास. म्हणजे शंभर किलोमीटरमागे एक लिटर, शंभरावर रुपये, मी डाव्या ड्रमात चिखल वाळवायला जाळत होते. अंगणातला उतार गाडी पुन्हा आपली आपण उतरायला लागली.

हे सगळं स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा गणिताचे सर शांतपणे म्हणाले, “मग अठरा का नाही झाले?”

त्यांचा प्रश्न बरोबर होता. दीड किलोमीटर अजून कमी आहे. त्यातला बराचसा इथेनॉलचा असेल. सर आता तेवढ्या एका किलोमीटरवर हक्क सांगून आहेत आणि मी तो त्यांना दिला आहे. पावसाळी रस्त्यांचाही काही असेल. पण खरी अडचण वेगळी आहे. अठरा मी कधी मोजलेच नव्हते. तो विकणाऱ्याचा आकडा, बहुधा त्याच्या डॅशबोर्डवरून उचललेला, चंद्रपूर-नागपूरच्या मोकळ्या रस्त्यावरचा. ज्या आकड्यातून मी इतके दिवस वजाबाकी करत होते तो आकडाच माझा नव्हता. मोजलेला पहिला आकडा 14.1 आणि दुसरा 16.5. वहीच्या त्या पानावर वरचं अठरा खोडून आता एवढेच दोन ठेवले आहेत, आणि उन्हाळ्यात एसी लावून तिसरा काढायचा आहे.

उजव्या चाकाची केबल अजून जुनीच आहे. मिस्त्री म्हणाले, नळी फुटलेली नाही, दिवाळीनंतर पाहू. तोवर पाऊस असला की गाडीला दगड, आणि घरी आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघणं चालू आहे. शेजारची पोरं हसतात.